समृद्धीच्या मानेवरचा तडा

भद्रकालीत भाजीबाजार संपतो तिथे
नगरपालिकेनं कधीकाळी उभा केलेला एक खांब आहे.
चार बाजूंना चार बाया : विद्या, न्याय, श्रम, समृद्धी.
नावं खाली कोरलीत, वाचत कुणी नाही.
विद्येच्या पुस्तकावर कबुतरं,
न्यायाच्या तराजूला लसूणवाल्याची पिशवी,
श्रमाच्या हातोड्याला केबलची वायर.
समृद्धीला तेवढं मंगळवारी कुंकू लागतं,
देवी समजून.

तिच्या कमरेवर कलता घडा.
घड्यातून पाणी पडायचं होतं म्हणे,
नळ जोडायचा राहून गेला.

मी नाशिकरोडच्या छापखान्यात कोरक,
एकतीस वर्षं भिंगाखाली.
पोलादावर उलटं कोरायचं, कागदावर सुलट येतं,
एवढीच माझी विद्या.
एकदा साहेब म्हणाले, तिकिटासाठी बाई हवी,
भरभराटीची, ओळखीचा चेहरा नको.
मला हीच आठवली.

सात रविवार वही घेऊन बसलो समोर.
पायथ्याशी शेवगा-आंबाडी विकणाऱ्या गयाबाई गांगुर्डे
माझ्यावरच नजर ठेवून :
"मोजणी करताय काय? पाडणार हिला?"
म्हटलं, नाही, तिकिटावर घेतोय.
"मग तो हात नीट काढा.
दगडवाल्यानं बोटं अशी ठेवलीत, जसं फूल धरलंय.
भरला घडा असा धरून
शालिमारपर्यंतसुद्धा जाणार नाही बाई."
उठल्या. रिकामी पाटी कमरेवर घेतली :
मनगट आत, अंगठा काठावर,
सगळा भार कमरेच्या हाडावर.

मी ते हाड काढलं.

तडाही काढला,
कानामागून गळ्यापर्यंत, केसाएवढा.
होताच तो तिथे.

साहेबांनी भिंग लावलं.
हात बदललेला त्यांना दिसला नाही.
"समृद्धीला तडा? तांबट, डोकं ठिकाणावर आहे ना?"

पोलादातली रेघ खोडता येत नाही.
प्लेट पालथी घालून मागून ठोकायची,
खोलगट वर येतं, मग पुढून घासून सपाट.
बाप माझा तांबट आळीत घंगाळं ठोकायचा.
पोचा काढावा, म्हणायचा,
भांड्याला कळू न देता.
त्या दुपारी मला कळत होतं, भांड्याचं माहीत नाही.

तिकीट निघालंच नाही.
का, ते कोरकाला सांगत नाहीत.
प्लेट तिजोरीत. गेटवर रोजची झडती,
छापाचा चिटोराही बाहेर येत नाही.
निवृत्तीच्या दिवशी बाहेर आले ते माझे डोळे,
तेही मोतीबिंदूसकट.

परवा गेलो बाजारात.
चौघींना रुपेरी ऑइलपेंट,
तडा सिमेंटनं बुजवलेला,
घड्याखालच्या बोटांचा नुसता गोळा.
गयाबाईंच्या जागी त्यांची सून.
विचारलं. म्हणाली, तीन वर्षं झाली.
आणि कोथिंबिरीची जुडी झटकली.

घरी माळ्यावर बापाचा पत्रा होता, तांब्याचा,
कडा काळ्या पडलेला.
डांबराच्या थाळ्यावर पालथा टाकला.
नजर भरवशाची नाही, अंगठ्यानं चाचपत
मागून ठोकत गेलो
कपाळ, खांदा, घडा,
आणि ते हाड, त्याला जास्त ठोके लागले.
शेजारच्या जाधववहिनी दोनदा डोकावल्या,
रात्री दहानंतर नको म्हणाल्या.
तडा शेवटी, पुढून,
एकाच घावात. हात थरथरला तेवढा वाकडा आहे.

सुनेनं पत्रा हातात घेऊन तोलला.
"किलोभर असेल ना?"
असेल, म्हटलं.
भाव विचारेल वाटलं, नाही विचारला.
पाटीमागच्या खोक्याला टेकवून ठेवला,
हात मात्र जरा जास्त वेळ बघितला,
मग गिऱ्हाईक आलं.

आंबाडीवर पाणी शिंपडताना
थोडं तिच्यावरही उडतं,
घड्यावरून ओघळतं, तड्यात जरा थांबतं.
तिथं हिरवं धरू लागलंय.

चिंच लावून घासू नकोस,
एवढं सांगून आलोय.